हुक, साखळी, दोर आणि ब्रेक : क्रेनच्या तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

ईओटी क्रेन (शेडच्या वरच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) आणि चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायचे यंत्र) यांच्या तपासणीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास आहे : ‘बघितलं, ठीक वाटलं.’ अडचण इथेच आहे. साखळी, दोर आणि हुक डोळ्यांना ठीक वाटत असतानाच मर्यादेपलीकडे गेलेले असतात. म्हणून उत्तरांत मापे जास्त आहेत. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर पुस्तिकेचीच धरा.

प्रश्न : आमच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये एक टनाचा हाताचा चेन ब्लॉक आठ वर्षांपासून आहे. साखळी चकचकीत दिसते, कुठे तडा नाही. ती बदलायची की नाही हे कसं ठरवायचं? (भोसरी)

चकाकीवर जाऊ नका. साखळी बाहेरून झिजत नाही. दोन कड्या एकमेकींत जिथे बसतात तिथे, आतल्या बाकावर झिजते. साखळी ताणलेली असली की नेमकी तीच जागा झाकलेली राहते. म्हणून आधी भार काढा, साखळी सैल सोडा, कापडाने पुसा आणि एकेक कडी बाजूला सरकवून आतला बाक बघा. नख फिरवल्यावर खाच लागली तर व्हर्नियर घ्यायची वेळ झाली.

माप दोन ठिकाणी घ्यायचे. पहिले कडीच्या जाडीचे. समजा तुमची साखळी ६ × १८ मिमीची आहे, म्हणजे तारेची जाडी ६ मिमी आणि कडीची आतली लांबी १८ मिमी. झिजलेल्या बाकावर एकमेकांना काटकोनात दोन मापे घ्या आणि सरासरी काढा. ती मूळ जाडीपेक्षा १० टक्क्यांनी कमी, म्हणजे ५.४ मिमीच्या आत आली, तर साखळी बाद.

दुसरे माप लांबीचे, आणि ते जास्त बोलके असते. हुकला हलका भार लावून साखळी सरळ करा आणि ११ कड्या बाहेरून बाहेर मोजा. नव्या साखळीत ११ गुणिले १८ म्हणजे १९८, अधिक दोन टोकांची जाडी १२, असे २१० मिमी भरतात. नेहमीचा १५० मिमीचा व्हर्नियर इथे पुरत नाही, ३०० मिमीचा लागतो. पुस्तिका हाताशी नसेल तर हाताच्या ब्लॉकसाठी २.५ टक्के आणि विजेच्या होइस्टसाठी १.५ टक्के वाढ ही अमेरिकेच्या एएसएमई बी३० मानकातली मर्यादा वापरता येते. टक्केवारी १९८ वर काढायची, २१० वर नाही. म्हणजे हाताच्या ब्लॉकची साखळी २१५ मिमी भरली की उतरवायची आणि विजेच्या होइस्टची २१३ वर. अनेक निर्माते हाताच्या ब्लॉकलाही २ टक्क्यांवर थांबवतात. आमचेही मत तिकडेच झुकते.

कुठे मोजायचे हेही महत्त्वाचे. ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन उचलणाऱ्या ब्लॉकमध्ये साखळीचा एकच फूट-दीड फूट तुकडा भारासह लोड व्हीलवर (साखळी ओढणाऱ्या खणांच्या चाकावर) येतो. तो तुकडा शोधा. मग जवळजवळ कधीच व्हीलवर न येणाऱ्या टोकाकडच्या ११ कड्या मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची खरी झीज. नव्या साखळीचे माप कुणी लिहून ठेवले नसेल तर हे टोकच तुमची मूळ नोंद.

तुमची शेड फॅब्रिकेशनची आहे म्हणून आणखी एक गोष्ट बघाच. चेन ब्लॉकला टांगलेल्या जॉबवर वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लॅम्प थेट जॉबला लावलेला नसेल तर करंट साखळीतून परतीची वाट शोधतो. दोन कड्यांच्या सांध्यावर ठिणगी पडून बाजरीच्या दाण्याएवढा निळसर-काळा ठिपका उमटतो. उष्णता-प्रक्रिया केलेल्या पोलादात तो ठिपका म्हणजे कडक, ठिसूळ जागा, आणि तडा तिथूनच निघतो. असा एक ठिपका दिसला तरी साखळी बाद करा, मापे कितीही चांगली असोत.

साखळी बदलताना लोड व्हीलचे खण तपासा. झिजलेल्या खणांत नवी साखळी नीट बसत नाही, भार असताना खट्‌कन उडी मारते आणि लवकर खराब होते. तुटलेली कडी वेल्ड करून किंवा मध्ये नट-बोल्ट घालून जोडलेली साखळी कोणत्याही वजनासाठी वापरायची नाही.

प्रश्न : दोन टनाच्या चेन ब्लॉकवर भार थांबवला की दोन-तीन इंच घसरतो, मग थांबतो. मध्यंतरी हेल्परने ‘आवाज येतो’ म्हणून कव्हरच्या फटीतून तेल सोडलं होतं. त्याचा काही संबंध असेल का? (सातपूर)

संबंध आहे, आणि हा ब्लॉक आजच बाजूला ठेवा.

हाताच्या ब्लॉकमध्ये भार दातेरी चक्रांवर थांबत नाही, घर्षणाच्या चकत्यांवर थांबतो. उचलताना हाताच्या साखळीचे चाक आट्यांवर आत सरकते आणि रॅचेट व्हीलला (तिरप्या दातांच्या चाकाला) दोन चकत्यांच्या मध्ये दाबून धरते. पॉल, म्हणजे दातात अडकणारा खटका, रॅचेटच्या दातांवरून घसरत जातो, त्याचाच तो कट्-कट् आवाज. साखळी सोडली की भार चाक उलटे फिरवू बघतो, पॉल दातात अडकतो आणि चकत्या आणखी आवळल्या जातात. म्हणजे जो आवाज बंद करायला तेल घातले तो ब्लॉक सुरक्षित असल्याचा आवाज होता. उचलताना कट्-कट् यायलाच हवी, सोडताना ती नसते. उचलतानाच आवाज बंद पडला तर पॉलची स्प्रिंग तुटलेली असते किंवा पॉल घाणीत रुतलेला असतो.

बहुतेक ब्लॉकच्या चकत्या कोरड्या चालायच्या असतात. तेल प्यालेली चकती पुसून किंवा पेट्रोलने धुऊन पुन्हा भरवशाची होत नाही, ती बदलावी लागते. ब्लॉक उघडल्यावर चकतीची जाडी, रॅचेटच्या दातांची टोके आणि पॉलची धार बघा. दात गोल झाले असतील तर तेही बदला. जोडल्यावर आधी हलका भार, मग पूर्ण भार जमिनीपासून २०-३० सेंमी उचलून थांबवा, खडूने खूण करा आणि घसरण बघा.

तेल घालायची जागा वेगळी : लोड चेनच्या कड्यांचे सांधे. पातळ तेलाचा हात द्या आणि जादाचे पुसून टाका. वाळू-सिमेंटची धूळ असेल तिथे जाड ग्रीस नको, ते धूळ धरून पॉलिश पेपरसारखे काम करते.

तुमचा ब्लॉक दोन फेऱ्यांचा, म्हणजे भार साखळीच्या दोन पदरांवर घेणारा, असेल तर खालचा हुक साखळीच्या वेटोळ्यातून उलटा निघालेला नाही ना, हेही बघा. जमिनीवर ठेवून उचलताना हे सहज होते. वरून खालपर्यंत एक कडी धरून नजर टाका. कड्या पिळत गेलेल्या दिसल्या तर हुक उलटलेला आहे. तो उलट्या दिशेने परत काढल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न : वायर रोपच्या तुटलेल्या तारा मोजायच्या म्हणतात, पण किती लांबीत मोजायच्या? आणि दोर बारीक झाला हे कशावरून? (जालना)

लांबी ‘एका पिळाची’. सहा पेडी दोरात, म्हणजे तारांचे सहा जुडगे पिळून केलेल्या दोरात, एका पेडावर खडूने खूण करा आणि पुढे मोजत जा. सहा पेड ओलांडले की तोच पेड पुन्हा वर येतो. तेवढे अंतर म्हणजे एक पीळ. अंधाऱ्या जागी दोरावर पांढरा कागद गुंडाळून वर मेणखडू आडवा घासा, पेडांचे ठसे उमटतात आणि पीळ कागदावरच मोजता येतो. तो कागद नोंदवहीत चिकटवा. पुढच्या वर्षी पिळाची लांबी वाढलेली दिसली तर दोर आतून सैल होतोय.

ईओटी क्रेनच्या नेहमीच्या दोरासाठी एएसएमई बी३० ची मर्यादा अशी : एका पिळात सगळ्या पेडांत मिळून १२ तारा तुटलेल्या, किंवा एका पिळात एकाच पेडात ४. तारा शोधायला उघडा हात फिरवू नका, जाड सुती चिंधी दोरावर हलकी धरा. तुटलेले टोक चिंधी ओढते. चालत्या दोरावर मात्र चिंधीही धरायची नाही. दोर थांबवा, तपासा, पुढे घ्या.

माथ्यावर तुटलेली तार दिसते. दोन पेडांच्या खाचेत तुटलेली दिसत नाही आणि तिचा अर्थ जास्त गंभीर, कारण तिथे पेड एकमेकांवर घासत असतात आणि आतला थकवा बाहेर येतो. खाचेत एका पिळात दोन तारा तुटलेल्या सापडल्या की आयएसओ ४३०९ या क्रेनच्या दोरांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोर बाद.

जाडी मोजताना व्हर्नियरचे जबडे समोरासमोरच्या पेडांच्या माथ्यांवर टेकवा. सपाटीवर धरून कमी आकडा येतो आणि चांगला दोर बाद होतो. अशी एकाच ठिकाणी काटकोनात दोन मापे घ्यायची. आता कळीचा मुद्दा : नवा १३ मिमीचा दोर नेमका १३ नसतो, बहुधा थोडा जास्त भरतो. म्हणून दोर बसवून थोडा चालवल्यावर त्याच दिवशी खरे माप घ्या आणि लिहून ठेवा, झीज त्यावरून धरायची. त्यावरून काढलेली घट दोराच्या नाममात्र मापाच्या, इथे १३ मिमीच्या, किती टक्के आहे ते बघा. आयएसओ ४३०९ नुसार धाग्याचा गाभा असलेल्या दोरात सर्वत्र सारखी १० टक्के घट आणि पोलादी गाभ्याच्या दोरात ७.५ टक्के घट ही शेवटची मर्यादा. एकाच ठिकाणी अचानक बारीक झालेला दोर मात्र टक्केवारीत अडकवू नका. तिथे गाभा बसला आहे, दोर काढा.

गाठ, पिंजऱ्यासारखे फुगलेले पेड, बाहेर डोकावणारा गाभा, उष्णतेने पालटलेला रंग : यातले काहीही दिसले तर मोजणी करत बसायचे नाही.

प्रश्न : शेडमध्ये नवीन केबल टाकली. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने ‘डाउन’ दाबलं तर हुक वर गेला आणि थेट ड्रमपर्यंत जाऊन धडकला. अप्पर लिमिट स्विच आदल्या दिवशीच तपासला होता, तो चांगला होता. मग त्याने थांबवलं का नाही? (चाकण)

लिमिट स्विच चांगला होता आणि तरीही तो थांबवू शकत नव्हता. केबल जोडताना तीन फेजपैकी दोन फेजांची अदलाबदल झाली आणि मोटर उलटी फिरू लागली. तुमच्याकडच्यासारख्या साध्या जोडणीत अप्पर लिमिट ‘अप’च्या कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा) कंट्रोल सप्लाय तोडतो. तुमच्या ऑपरेटरने दाबला होता ‘डाउन’. त्या कॉन्टॅक्टरच्या वाटेत अप्पर लिमिट नाहीच. हुक वर गेला, स्विचने ‘अप’ तोडला, ‘डाउन’ चालूच राहिला.

म्हणून पॅनेल, डीएसएल (चालत्या क्रेनला वीज पुरवणारे रुळालगतचे वाहक), मेन स्विच, मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्याही कामानंतर पहिली चाचणी दिशेची. हुक मधल्या उंचीवर, खाली कुणी नाही, बटण अर्धा सेकंद दाबून सोडायचे. लिमिट स्विच त्यानंतर तपासायचा. फेज उलटली की फेज-सीक्वेन्स रिले कंट्रोल सप्लाय देतच नाही. तो नसेल तर बसवून घ्या, खर्च अगदी किरकोळ आहे.

धडक बसली आहे म्हणून दोर पूर्ण उलगडून तपासा. विशेषतः ड्रमवरच्या दोराचा क्लॅम्प, हुक ब्लॉकच्या पुल्यांच्या कडा आणि दोर मार्गदर्शक. हुक सगळ्यात खाली नेल्यावर ड्रमवर किमान दोन पूर्ण वेढे उरलेच पाहिजेत, तेही याच वेळी मोजा.

रोजची लिमिट चाचणी रिकाम्या हुकवर आणि थांबत-थांबत करायची. लिमिट स्विच हा शेवटचा अडसर आहे. रोज हुक त्यावर नेऊन थांबवायची सवय असेल तर ऑपरेटरशी बोला, त्याने स्विचचे आयुष्य संपते आणि ते कुणाला कळतही नाही.

प्रश्न : हुकचं तोंड थोडं उघडलंय. तापवून, ठोकून जागेवर आणता येईल का? (लोटे-परशुराम)

नाही. हुक उघडला म्हणजे पोलाद एकदा ताणले गेले. तापवल्यावर त्याची मूळ उष्णता-प्रक्रियाही जाते. मर्यादा : तोंडाच्या मापात ५ टक्के वाढ, आणि हुक कितीही मोठा असला तरी ६ मिमीपेक्षा जास्त नाही. म्हणजे ५० मिमीचे तोंड ५२.५ झाले की हुक बाद. भार बसतो त्या वाटीची झीज मूळ जाडीच्या १० टक्क्यांपर्यंत. वाकलेला किंवा पिळलेला दिसला तर न मोजताच बाद. नवा हुक आला की त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या पंच-खुणांमधले अंतर वहीत लिहा. बऱ्याच हुकांवर त्या मुळातच असतात.

हुकच्या टोकावर स्लिंग (भार बांधायचा दोर, पट्टा किंवा साखळी) अडकवल्यानेच तोंडे उघडतात. लॅच स्लिंग निसटू नये म्हणून आहे, भार पेलायला नाही.

प्रश्न : वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीचं प्रमाणपत्र घेतो. ऑपरेटरने रोज वेगळं काय बघायचं? (वाळूज)

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ ने (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली) घालून दिलेली अट किमान होती : उचलण्याची यंत्रे, साखळ्या, दोर आणि टॅकल यांची सक्षम व्यक्तीकडून दर १२ महिन्यांतून निदान एकदा कसून तपासणी, तिची नोंदवही, आणि सुरक्षित भार ठळकपणे लिहिलेला. त्या व्यक्तीने मार्चमध्ये तपासलेला दोर जूनमध्ये गाठ पडून खराब होऊ शकतो. ते दिसणार ऑपरेटरलाच.

पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटे पुरतात. आधी पेंडंट (क्रेनवरून लोंबणारा बटणांचा डबा) : बटणे अडकत नाहीत ना, बाणांच्या खुणा वाचता येतात ना, पेंडंटचे वजन आधाराच्या साखळीवर आहे ना की केबलवर लोंबकळतेय. इमर्जन्सी स्टॉप दाबून खरोखर सगळे बंद होते का बघा. मग रिकाम्या हुकवर वर-खाली, सीटी (ट्रॉलीची आडवी चाल), एलटी (पूर्ण क्रेनची रुळांवरची चाल), आणि अप्पर लिमिट. हुक, लॅच, हुक सहज फिरतो का, दिसणारा दोर ड्रमच्या खाचांत बसलाय का. शेवटी आवाज आणि वास. जळक्या लायनरचा (ब्रेकच्या घर्षण-पट्टीचा) वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

बटण सोडल्यावर क्षणभर उशिरा थांबणारी क्रेन लगेच कळवा. सतत टिचक्या मारून चालवल्याने कॉन्टॅक्टरची टोके भाजतात आणि एके दिवशी चिकटून बसतात. मग बटण सोडूनही मोटर चालू राहते.

प्रश्न : पाच टनी क्रेनवर चार टनांचा डाय थांबवला की हळूहळू खाली येतो. ब्रेक आवळला तरी दोन दिवसांत पुन्हा तसंच. (रांजणगाव)

आवळून दोन दिवस मिळतात, याचा अर्थ मूळ कारण दुसरे आहे. थ्रस्टर ब्रेक (तेलाच्या दाबाने उघडणारा, स्प्रिंगने आवळणारा) असेल तर हा क्रम धरा. ब्रेकच्या ड्रमवर बोट फिरवून बघा. तेलकट असेल तर गिअरबॉक्सचे ऑइल सील गेले आहे आणि तेल लायनरमध्ये मुरतेय. सील न बदलता लायनर बदलणे म्हणजे पैसे वाया. कोरडा असेल तर थ्रस्टरमधल्या तेलाची पातळी. तेल कमी असले की ब्रेक पूर्ण उघडत नाही, लायनर ड्रमवर घासत चालतो, तापतो, गुळगुळीत होऊन चमकतो आणि पकड सोडतो. त्यानंतर सांध्यांच्या पिना : प्रत्येक पिनेत थोडी-थोडी ढिलाई जमली की स्प्रिंगचा जोर लायनरपर्यंत पोहोचतच नाही. रिव्हेटचे डोके ड्रमला लागण्याच्या बेतात आले असेल तर लायनर संपला.

दुरुस्तीनंतर पूर्ण क्षमतेचा भार दहा-पंधरा सेंमी उचलून थांबवा. मग थोडा वर नेऊन खाली सोडताना मध्येच थांबवा. खरी परीक्षा सोडतानाची. तोवर ती क्रेन वापरात नको, आणि ‘तीन टनांपर्यंत चालू द्या’ ही तडजोड तर नकोच. घसरणारा ब्रेक कोणत्या वजनाला सोडून देईल हे तीन टन ठरवत नाही.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत दोन पायांचा स्लिंग आहे, प्रत्येक पाय एक टनाचा. म्हणजे दोन टन केव्हाही चालतील ना? (शिरोली)

फक्त दोन्ही पाय सरळ उभे असतील तरच. दोन टनांच्या भारावर पायांमधला कोन ६० अंश असेल तर एका पायावर १.१५ टन येतात, ९० ला १.४१ आणि १२० ला पूर्ण २ टन. तुम्ही फाउंड्रीत आहात म्हणून हेही : ग्रेड ८० ची साखळी-स्लिंग २०० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण भार घेते, ३०० पर्यंत ९० टक्के, ४०० पर्यंत ७५ टक्के. त्यापुढे वापरायचीच नाही. लॅडलच्या (वितळलेल्या धातूच्या भांड्याच्या) क्रेनवर धाग्याच्या गाभ्याचा दोर नको, उष्णतेने गाभा जळतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

प्रश्न : साखर कारखान्यातली मिल हाउसची क्रेन हंगाम संपल्यावर पाच-सहा महिने बंद असते. पुन्हा चालू करण्याआधी काय करावं? (माळीनगर परिसर)

पहिले बटण दाबण्याआधी वर चढा. पॅनेलमध्ये पक्ष्यांची घरटी, उंदरांनी कुरतडलेल्या केबली, ब्रेकच्या पिनांना धरलेला गंज, पुलीवर सहा महिने एकाच वळणात बसलेला दोर. या वळणातला भाग उघडून बघा. सुकलेल्या ग्रीसखाली पावसाळ्यातला ओलावा अडकून आत गंज धरतो. पिळातून लालसर भुकटी झडली तर दोराला उद्या-परवाची मुदत देऊ नका. मोटरचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने मोजा. एक मेगओहमपेक्षा कमी आले तर आधी मोटर सुकवा. गॅन्ट्रीवरून (क्रेनचे रूळ पेलणाऱ्या तुळईवरून) चालत रुळाचे क्लॅम्प-बोल्ट, सांधे आणि दोन्ही टोकांचे स्टॉपर बघा. रुळाच्या कडेला चंदेरी किस पडलेला दिसला आणि चाकांच्या कॉलरी एकाच बाजूने चकाकत असतील तर क्रेन तिरकी चालतेय.

आणि वर चढण्याआधी : मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. त्याच गॅन्ट्रीवर दुसरी क्रेन असेल तर ती काम चालू असलेल्या जागेपासून ६ मीटरच्या आत येऊ नये ही कारखाने अधिनियमाच्या कलम २९ नेच घालून दिलेली अट. ती तोंडी सांगून पाळली जात नाही, रुळावर तात्पुरता स्टॉपर आवळून आणि खाली लाल झेंडा लावून पाळली जाते. उतरल्यावर माणसे मोजा, हत्यारे मोजा, आणि मगच कुलूप काढा.